अचूक हात

टेक्सासमधल्या आमच्या गावी एका मोठ्या कॉलेजचे पाहुणे आले, ते मार्केलची पारख करायला. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात, म्हणजे हाताने चेंडू फेकायच्या खेळात, कोल्बी चेंडू लांब फेकायचा आणि मार्केल धावत जाऊन तो झेलायचा. त्या शुक्रवारी कोल्बीचा एक चेंडू डोक्यावरून गेला, एक गुडघ्याशी आला, एक तर रेषेबाहेरच निघाला होता. मार्केलने उड्या मारून, लोळण घेऊन सगळे झेलले.

पाहुणे खूश झाले. "कोच, काय अचूक हात आहे हो कोल्बीचा. एक फेक वाया नाही. त्याला आम्ही नेतो."

"आणि मार्केल?"

"बरा आहे. पण इतके नेमके चेंडू आल्यावर माझ्या सासूबाईही झेलतील."

पुढच्या हंगामात पाहुणे पुन्हा दारात. "कोल्बी सोन्यासारखा फेकतो, पण आमच्याकडे एकालाही झेलता येत नाही. तुमच्याकडे आहे का कुणी?"

"होता की," कोच म्हणाले. "गेल्या शनिवारी तुम्हाला ज्यांनी हरवलं, त्यांच्याकडे खेळतोय."

"तो होय," पाहुणे म्हणाले. "त्याचं काय, त्याला फेकणारा चांगला मिळालाय."