पथ्य सुटलं

आबाजी वैद्यांनी भिवाजीच्या पायाची सूज अंगठ्यानं दाबून पाहिली, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि ‘हं’ एवढंच म्हणाले.

“कसं हाय वो ह्यांचं?” सुंदरानं विचारलं. आजार नवऱ्याचा, पण घाई बायकोला. कोंडाण्याहून कर्जतपर्यंत उन्हाची तंगडतोड करून आलेली, वाटेत दोनदा झाडाखाली टेकलेली, तरी तोंडाला विसावा नव्हता.

“आहे तसंच आहे. अळणी खातोय ना नीट?”

“खातायत म्हंजे! मी बी अळणीच खाते. तीन वर्सं झाली, आमच्या चुलीला मीठ ठावं नाय. ह्यांनी अळणी गिळायचं नि मी सुकट हाणायची? घास उतरंल का माज्या गळ्याखाली?”

“वेडी हाय ती,” भिवाजी म्हणाला. “किती सांगितलं, ऐकत नाय.”

“एवढी आलेच तर माजी बी नाडी बघा,” सुंदरानं हसत हात पुढं केला. तिचं मन राखायला वैद्यांनी तोही हात धरला, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग लढाईच्या गोष्टी निघाल्या, रॉकेल मिळत नाही, साखर दिसत नाही, असं बराच वेळ चाललं. वैद्य उठून आत गेले, फडताळाची उघडझाप केली आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

“भिवा, तुझं पथ्य आजपासून सुटलं. मीठ, चिंच, सुकट, जे मनात येईल ते खा.”

सुंदरानं तिथल्या तिथं हात जोडले. भिवाजीचे हात मात्र जोडले गेले नाहीत.

कारण तरणेपणी चार वर्षं त्यानं याच ओटीवर औषधं कुटली होती. वैद्यांची रीत त्याला पाठ होती. रोगी हाती लागत नाही असं दिसलं, की हा माणूस तोंडानं कधी बोलायचा नाही. नुसतं पथ्य सोडायचा. घरचे बिचारे देवापुढं गूळ ठेवायचे, आणि महिना-दोन महिन्यांत तिरडीचे बांबू तोडायला निघायचे. गावातल्या पोशाच्या आईचं पथ्य सुटलं तेव्हा आंब्यांची करंडी त्यांच्या घरी भिवाजीच घेऊन गेला होता. ते आंबे काही सगळे संपले नव्हते.

सुंदराला यातलं काय ठाऊक! बाजारातून तिनं सुकट घेतली, खडे मीठ घेतलं, आणि घरी येऊन कैरी घालून झणझणीत कालवण केलं. भिवाजीनं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले.

“तिखट झालं का वो?”

“लय झालंय. पन वाढ आजून.”

तिनं स्वतःलाही वाढून घेतलं, आणि तीन वर्षांची उपाशी असल्यासारखी बोटं चाटूनपुसून जेवली. भिवाजी तिच्याकडे बघत राहिला. आपण गेल्यावर ही कुणाच्या चुलीपुढं बसणार, या विचारानं त्याला पुढचा घास जाईना. पण न खाल्ला तर ती हात आखडता घेईल, म्हणून त्यानं तो रेटला.

तिला सांगायचं नाही, एवढं त्यानं पक्कं केलं. हातातले दिवस तिच्या सोयीला लावायचे. पावसाळ्याची लाकडं वैशाखातच फोडून पडवीत रचली. खालापुराकडं तिचा भाऊ होता, गजा. त्याला बोलावून घेतलं आणि गोठ्याआड नेऊन म्हणाला, “मला काय झालं तर बहिणीला घिऊन जा. एकटी नको ठिवूस.”

“दाजी, आवंदा तर तुमी मासळी खाताव नि आसं अभद्र काय बोलताव?”

“शबूद दे.”

गजानं शब्द दिला, आणि कुणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवून उभा राहिला.

मग भिवाजीनं सुंदराला बैल जुंपायला शिकवायला घेतलं. गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. “नवरा बरा झाला नि बायकूला गडी केला गं!” सुंदराही हसली. पण जू उचलता उचलता तिला धाप लागली आणि ती बांधावरच बसली.

“माज्यानं नाय व्हायचं हे. तुमी हायेत ना!”

भिवाजीनं जू स्वतःच उचलून बाजूला ठेवलं. बैलाच्या मानेवरून हात फिरवत तो नुसता उभा राहिला. त्या दिवशी त्याला वाटलं, न सांगण्यात आपलीच चूक होतेय. बाईला मनाची तयारी करायला चार दिवस तरी मिळायला हवेत. पण चार मिळतील की दोन, हे तरी कळायला नको?

बाजाराचं निमित्त काढून तो एकटाच कर्जतला गेला. आबाजी वैद्य ओटीवर मुळ्या निवडत बसले होते.

“वैद्यबुवा, मला फसवू नका. तुमच्याच हाताखाली राबलोय मी. पथ्य कवा सुटतं, ठावं हाय मला. किती दिस हायेत, तेवढं सांगा. मरणाला नाय भीत मी. सुंदरेला सांगायचं हाय.”

वैद्यांच्या हातातली मुळी तशीच राहिली. त्यांनी भिवाजीचा पाय ओढून घेतला, सूज दाबली.

“थोडी वाढलीय. ही मिठानं वाढलीय. पुन्हा अळणी धरलंस, घेटुळीचा काढा घेतलास, की उतरेल. तू म्हातारा होऊन मरशील, भिवा.”

“मंग पथ्य कशाला सोडलंत?”

वैद्यांनी त्याचा पाय हलकेच खाली ठेवला. मग भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

“तू अळणी खात होतास, तोवर सुंदरानं मीठ तोंडात घातलं असतं का रे?”