दुसरं बिस्किट

शिपाईला वजनकाट्यावर चढवताना म्हाताऱ्या आईला आणि पन्नाशीला टेकलेल्या मुलाला घाम फुटला. शिपाई म्हणजे त्यांचा कुत्रा. काट्यावर बसल्या बसल्या त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आकड्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असा त्याचा एकूण आव होता.

"मागच्या खेपेपेक्षा वाढलंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त तपासलं, थायरॉइड ठीक आहे, पोटात पाणी नाही. हा निव्वळ खाऊन सुटलाय. जिना चढताना धापा टाकतो ना?"

"टाकतो. आता मागचा पायही ओढतो."

"ओढेलच. इकडे हात लावून बघा. बरगड्या बोटांना लागायला हव्यात. लागतायत?"

मुलाने चाचपून पाहिलं. बरगड्यांचा पत्ताच नव्हता.

"घरात याला खायला कोण देतं?"

"मी," आई खुर्चीत ताठ होत म्हणाली. "सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. तिसऱ्यांदा नाही म्हणजे नाही. माझ्याकडे असले लाड चालत नाहीत. विचारा याला."

याला विचारायची गरजच नव्हती. लहानपणी शाळेतून आल्यावर एकेक बिस्किट मिळायचं, त्याला आणि ताईला. अर्धं तांबू कुत्र्याला. दुसरं मागायची कोणाची छाती नव्हती. एकदा त्याने धीर करून सांगितलं होतं, मला मिळालंच नाही. आईने हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं होतं. "मग ओठाला काय लागलंय, खडू?" पुढच्या वेळी पठ्ठ्या तोंड धुऊन गेला, तर म्हणाली, "तू आणि आपण होऊन तोंड धुतलंस?" संपलं. अशा बाईच्या हातचं खाऊन कुत्रा सुटणं शक्यच नव्हतं, म्हणून तर मुलगा वरच्या मजल्यावरच्या आजोबांशी भांडून आला होता. शिपाईला चोरून भरवता म्हणून.

डॉक्टरीणबाई औषध लिहू लागल्या. आईने पर्स उघडून एक बिस्किट शिपाईपुढे धरलं. "सकाळपासून याच्या पोटात काही नाही हो." मग एक मुलाच्या हातावर ठेवलं. "तूही घे." त्याने सवयीने तोंडात टाकलं. अजून तशीच द्यायची, न विचारता. त्याला बरं वाटलं.

पर्सची चेन लागली. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटला. चेन परत उघडली.

"अगंबाई, बोलण्याच्या नादात शिपाईला काही दिलंच नाही की."

"आई, आत्ताच दिलंस!" मुलगा हसत म्हणाला.

"मी? काहीतरीच बोलू नकोस." तिच्या आवाजात तोच जुना ठामपणा होता. शिपाईने दुसरं बिस्किटही पहिल्याइतक्याच उपाशीपणाने गिळलं.

मुलाचं हसू ओठांवरच राहिलं. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं होतं.

"आजी, याला जरा बाहेर बाकापर्यंत चालवून आणता? पाय कसा टाकतो ते बघायचंय."

"चल रे तांबू," आई उठत म्हणाली आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेली.

"तांबू?"

"आमचा पहिला कुत्रा. लाडाने म्हणते कधीकधी." बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. किती दिवस तो याला लाड समजत होता?

"तो पुढे येऊन बसला की त्यांना वाटतं, द्यायचं राहिलं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आणि मिळतंय त्याला नाही म्हणणं कुत्र्याला जमत नाही."

"खाण्याचा डबा कुलपात ठेवतो मी."

"नका ठेवू. त्याचं दिवसाचं खाणं सकाळीच एका छोट्या डब्यात काढा, बिस्किटंसुद्धा त्यातच. मग त्यांना हव्या तितक्या वेळा देऊ द्या, चिमूटचिमूट. डबा संपला की दिवस संपला. भरवणारा हात मात्र त्यांचाच राहू दे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. उशीर करू नका."

"ती चुकत नाही हो कधी," मुलगा म्हणाला. हे कोणाला सांगतोय, ते त्यालाही कळेना.

बाहेर आई बाकावर बसली होती, पर्स मांडीवर. शिपाई तिच्या पायांवर मान टाकून पसरला होता.

"झालं का रे? तुला बिस्किट दिलं का मी?"

समोरच्या दाराच्या काचेत त्याला आपला चेहरा दिसला. खालच्या ओठाला चुरा चिकटला होता. पुसायला उचललेला हात त्याने तसाच खाली घेतला.

"नाही दिलंस," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. तोंड मुद्दाम उजेडाकडे केलं. पकड, आई. एकदाच पकड.

आईने त्याची हनुवटी धरली. पकड तीच होती, घट्ट. तिने चेहरा इकडून तिकडे वळवून नीट पाहिला. ओठावर तिची नजर थांबली, आणि त्याने श्वास रोखला.

मग तिने अंगठ्याने तो चुरा हळूच पुसला.

"सकाळपासून उपाशी, आणि सांगायचं नाही होय रे?" ती म्हणाली, आणि दुसरं बिस्किट त्याच्या तळहातावर ठेवलं.