अठरा अंशांवरचा न्हावी

"डोक्याभोवती अजून बर्फ लावा," सर्जन म्हणाले आणि भूल देणाऱ्या बाईंनी नाइलाजानं बर्फाची आणखी एक पिशवी उचलली.

आख्खी हयात बाईंनी टेबलावरच्या माणसांना ऊब देण्यात घालवली होती. भूल चढली की अंग स्वतःची ऊब सांभाळत नाही, भराभर निवत जातं. तापमानाचा आकडा जरा उतरला की बाई गरम हवेची चादर लावायच्या, सलाइन कोमट करायच्या, एसीवरून सर्जनशी कडाकडा भांडायच्या. आणि आज त्यांनी स्वतःच एका न्हाव्याला गार करायला घेतलं होतं. हृदयातून निघणारी त्याची मोठी रक्तवाहिनी फुगून फाटायच्या बेतात होती. ती शिवायची तर रक्त थांबवायला हवं, आणि रक्त थांबलं की मेंदू काही मिनिटांत संपतो. गारठलेला मेंदू मात्र थोडी कळ काढतो.

न्हावी स्ट्रेचरवरूनही गप्पा हाणत आला होता. "माणूस बडबड्या आहे," त्याची बायको दाराशी म्हणाली होती, "पण बाई, आहे तसाच परत द्या."

आकडा अठरा अंशांवर आला. सर्जनांनी मान हलवली, रक्त फिरवणारं यंत्र थांबलं. हृदयाची रेघ सपाट, मेंदूची रेघ सपाट. बाईंनी न्हाव्याच्या कपाळाला हात लावून पाहिला; माठासारखं गार. दुसरा हात सवयीनं गरम हवेच्या बटणाकडे गेला. त्यांनी तो चटकन मागे घेतला. या घडीला माया करणं म्हणजे घात होता.

शिवून झालं. यंत्र पुन्हा सुरू झालं, रक्त हळूहळू कोमट होत गेलं. कुणी शॉक दिला नाही, कुणी बोटही लावलं नाही, आणि न्हाव्याचं हृदय आपलं आपण थरथरलं, एकदा उडालं आणि चालू लागलं. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. हे त्यांनी आजवर पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

पण हृदय म्हणजे न्हावी नव्हे. आत तो उरला होता की नाही, कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी त्याच्या घशातली नळी काढली. बाई उशाशी उभ्या, बायको पायाशी. त्यानं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंचा मास्क दिसताच दचकला.

"बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इतक्यात सुरू नका करू हं. मी अजून जागाच आहे."