खंडेनवमीचा उपास

आणखी आठवडाभर पेशी कोऱ्या राहिल्या, की तनयाची पीएचडी पदरात पडणार होती. कोऱ्या म्हणजे त्वचा व्हायचं की मेंदू, हे न ठरवलेल्या. त्यासाठी त्यांना रोज ताजं खाद्य लागे.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या भोईरमामांनी पेशींच्या कपाटाची पूजा करून हार घातला. “आता दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ताई.”

“मामा, उपाशी ठेवल्या तर त्या वाट्टेल ते होतील!”

“दोन दिवसांच्या उपासानं कुणाचं वाईट होत नाही.”

सरांनीही मामांचीच री ओढली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. काही पेशी त्वचेच्या वाटेला लागल्या होत्या, काही मेंदूच्या.

“बघा, पूजा पावली! आमच्या थोरल्याचं तिशीतही काही ठरेना!”

पेशी मार्गी लागल्या, मामांना पुण्य लाभलं, सरांना सुट्टी. वर्ष तेवढं तनयाचं गेलं.