मुकी पट्टी

हर्षलनं मोटारसायकलवर बांधलेली बाजाची पेटी सोडली, ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाला, "घ्या तुमची पेटी. माहे पाच हजार वापस करा."

खामगावहून जानेफळपर्यंत तो भर उन्हात आला होता. तरी दारात उभ्या असलेल्या पायलनं त्याला पाणीही विचारलं नाही. मोबाईलवर जुन्या वस्तू विकतात तिथं वडिलांच्या पेटीचा फोटो तिनंच टाकला होता. सौदा आठ हजारांत ठरला. पाच हजार हर्षलनं पेटी नेतानाच पाठवले. उरलेले तीन घरी वाजवून पाहिल्यावर देणार होता. ते आले नाहीतच. उलट काल त्यानं त्या फोटोखाली, सगळ्यांना दिसेल असं, लिहून टाकलं, 'फसवणूक. पेटी खराब आहे. कोणी घेऊ नये.'

ते पायलनं वडिलांना दाखवायला नको होतं. तेव्हापासून पुंजाजी धड जेवले नव्हते.

"पयले ते लिवलेलं काढा," पायल म्हणाली. "मंग पैशाचं बोला."

"काऊन काढू? काळी तीन वाजतच नाई." हर्षलनं भाता हलवला आणि मधल्या सप्तकातली ती काळी पट्टी दाबली. आतून नुसती हवा फुसफुसली. "मले काई वाजवता येत नाई, ताई. पोरीसाठी घेतली. क्लासच्या सरनं पयल्याच दिवशी दाखवून देल्लं. अर्पिता रडली माही."

"रस्त्यात आदळली असंन तुमी."

"गोधडीत गुंडाळून नेली व्हती. तुमच्यासमोर."

पायलनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. पेटी जायच्या आदल्या दिवशी तिनं वडिलांचा व्हिडिओ काढून ठेवला होता. उद्या काही वाद झालाच तर पुरावा असावा म्हणून. पडद्यावर पुंजाजी मांडी घालून बसले होते. डोळे मिटून, स्वतः रचलेलं भीमगीत पेटीवर गात होते. गाणं कुठंच अडखळत नव्हतं. एकही सूर गळालेला नव्हता.

"आता सांगा," पायल म्हणाली.

हर्षलनं व्हिडिओ दोनदा ऐकला. त्याचा चेहरा उतरला. "इथं तं वाजून राह्यली," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात पुंजाजी आतून आले. कोणाकडं न बघता पेटीसमोर बसले, भात्यावर हात ठेवला आणि गायला तोंड उघडलं.

"गाऊ नोका," मागून सिंधूताई म्हणाल्या.

आई दम्यामुळं म्हणते आहे, असं पायलला वाटलं. डॉक्टरनं वडिलांना गाणं बंद करायला सांगितलं, म्हणून तर पेटी विकायला काढली होती.

"दम लागत नाई मले," पुंजाजी बायकोला म्हणाले.

"दम्याचं नाई म्हनत म्या. नुसती वाजवा."

पुंजाजींनी ओठ मिटले. गाण्यावाचून नुसती पेटी वाजवताना त्यांना घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. बोटं सवयीनं पट्ट्यांवरून धावत गेली, दुसऱ्या ओळीच्या चढावर पोचली आणि तिथं खड्डा पडला. हवेचा फुसकारा, मग एकदम पुढचा सूर. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा खड्डा. तिसऱ्या वेळी त्यांनी तेवढा एकच सूर गळ्यानं लावला. खड्डा बुजला. गाणं व्हिडिओतल्यासारखं सलग झालं.

पुंजाजींनी भात्यावरचा हात काढला.

"पायल," पुंजाजी म्हणाले, "त्याहिचे पैसे वापस कर. खोटं नाई बोलून राह्यले ते."

"पन बाबा, आपल्यालेबी कुठं मालूम व्हतं?"

"मले मालूम असाले पायजे व्हतं."

पायलनं मोबाईल उघडला. पाच हजारांचा आकडा टाकला. हर्षल तिच्याकडं बघत होता, मग पुंजाजींकडं.

"थांबा, ताई," तो म्हणाला. "सर म्हने, तेवढा सूर बसवाले आठशे लागतीन. ते कापून बाकीचे बाविसशे म्याच पाठवतो. पेटी राहू द्या माह्यापाशी. अन् ते लिवलेलंबी काढतो."

"सगळं नोका काढू," पुंजाजी म्हणाले. "पेटी खराब व्हती, हे खरंच हाय. फसवणूक तेवढं काढा."

हर्षलनं ऐकलं नाही. त्यानं सगळंच पुसून टाकलं आणि मोबाईल पुंजाजींच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. मग सिंधूताईंना म्हणाले, "चहा मांड वं. मीबी घेईन."

चहा झाला. पायलच्या मोबाईलवर बाविसशे आल्याचा मेसेज वाजला. जाता जाता हर्षलनं तिच्याकडून तो व्हिडिओ मागून घेतला. "अर्पिताले दाखवतो," तो म्हणाला, "कोनाची पेटी हाय ते." या खेपेला पेटीवर गोधडी गुंडाळायला पायलही लागली.

मोटारसायकलचा आवाज दूर गेल्यावर पुंजाजींनी विचारलं, "तुले मालूम व्हतं?"

"हाव," सिंधूताई म्हणाल्या.

"कवापासून?"

"पायल बालवाडीत जात व्हती तवापासून."

"अन् सांगतलं काऊन नाई?"

सिंधूताईंनी ओट्यावरचे कप गोळा केले. "त्या ठिकानी आलं का तुमचा आवाज लय मोकळा निंघे," त्या म्हणाल्या. "सांगतलं असतं, तं तुमी ते पट्टी दुरुस्त करून आनली असती."