मोकळी चाकं

गॅरेजवाल्याच्या नाकदुऱ्या काढायच्या नाहीत म्हणून अंगदनं शहागडच्या घरासमोरच ट्रक जॅकवर चढवला होता. झिजलेल्या बेरिंगांसकट डिफरेन्शियलचा दातेरी गोळा त्यानं उतरवून लिंबाखाली पोत्यावर ठेवला, त्यातून चाकांकडे जाणारे दोन्ही बाजूंचे शाफ्टही ओढून काढले. मागची चाकं आता एकमेकांशी कशानंच जोडलेली नव्हती.

तो गाडीखाली सरपटला आणि एक्सलच्या रिकाम्या पोटात कोपरापर्यंत हात घालून जुनं ऑइल पुसू लागला. पुसता पुसता त्याचा पाय डाव्या चाकाला लागला. चाक जरासं फिरलं.

उजव्या चाकाची माती खरवडत बसलेली त्याची बायको रेणुका म्हणाली, "अवो, इकडचं उलटं फिरून राह्यलं."

"एका चाकासंगं दुसरं उलटं फिरवणारं डिफरेन्शियलच आत न्हाई, तर फिरंल कसं?"

तेवढ्यात त्याच्या बोटांना दात लागले. गार, तेलकट, बराबर एका ओळीत. पोत्यावरचा गोळा त्याला इथून दिसत होता, जागचा हललेला नव्हता.

त्यानं हात ओढला. मनगट दातांत अडकलं होतं.

"रेणुका, चाक धर. बिलकुल हलू देऊ नको."

"धरलंय की," ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "दोन्ही हातांनी धरलंय. तरी फिरूनच राह्यलंय."