टॅक्सीभर पाठीराखे

उत्तर इंग्लंडमधल्या हॅगथॉर्पच्या छोट्याशा फुटबॉल मैदानावर पाहुण्या पाठीराख्यांच्या कोपऱ्यात एकच माणूस उभा होता. सत्तरीचा क्लेम, गळ्यात बायकोने विणलेला पिवळा मफलर. समोरून तीनशे हॅगथॉर्पकर टाळ्यांच्या तालावर डिवचत होते, “टॅक्सीतून आलात का रे सगळे?” क्लेमने तोंडाभोवती हात धरून उत्तर दिलं, “हो तर! आगगाडीच रद्द झाली, लेकांनो!” मैदानभर हशा पिकला. त्याचा संघ पाच गोलांनी हरला, तरी पठ्ठ्या शेवटपर्यंत गात होता. शिट्टी वाजली तसे चिखलाने माखलेले त्याच्या संघाचे अकराही खेळाडू येऊन त्या एकट्यासमोर टाळ्या वाजवू लागले. “काका, घरी कसे जाणार?” कप्तानाने विचारलं. क्लेमने रिकामा खिसा उलटा करून दाखवला. थोड्या वेळाने फाटकातून खेळाडूंची बस निघाली. खिडकीतून पिवळा मफलर फडफडला आणि क्लेम गर्दीकडे बघत ओरडला, “टॅक्सीत मावलो नाही रे आम्ही सगळे!”